*घरचं उटणं, घरचं मलम: मापात केलं तरच गुणाचं*



दिवाळी जवळ आली की दोन प्रश्न हमखास येतात. बांधावरच्या गवती चहाचा साबण, मलम घरी करता येईल का? आणि घरच्या हळदीचं उटणं पाकिटात भरून विकलं तर चालेल का? पहिल्याचं उत्तर, होय, घरासाठी जरूर करा. दुसऱ्याचं उत्तर, लायसन्स घेतल्याशिवाय नाही. दोन्हींचं कारण आणि रीत या पाठात आहे. मेसेज मोठा आहे, तेव्हा सेव्ह करून ठेवा. घरात जे प्रत्यक्ष करणार आहेत त्यांनाही वाचायला द्या.

🌿 *१) सुगंधी तेल म्हणजे कोणतं तेल?*

खोबरेल, तिळाचं, एरंडेल ही घाण्याची तेलं. ती अंगाला लावली की तिथेच राहतात, त्वचा मऊ ठेवतात. गवती चहा, नीलगिरी, तुळस, वाळा यांतून वाफेवर जे तेल काढतात ते वेगळं. ते उडून जाणारं असतं, वास त्यातच असतो आणि ते अतिशय तीव्र असतं. बाजारात याला इसेन्शियल ऑइल म्हणतात. (निंबोळीचं तेल मात्र घाण्याचं, ते यात धरू नका.)

तीव्र किती ते आकड्यातून कळेल. गवती चहाच्या शंभर किलो ओल्या पातीतून साधारण अर्ध्या किलोच्या आतबाहेर तेल मिळतं. म्हणजे बाटलीतल्या चमचाभर तेलात किलोभर गवताचा अर्क असतो. चहात दोन पाती टाकणं वेगळं आणि हे तेल अंगाला चोळणं वेगळं.

यावरून आणखी एक हिशेब निघतो. परसातल्या दोन किलो पातीतून फार तर दोन चमचे तेल निघेल. त्यासाठी प्रेशर कुकरला नळी जोडून भट्टी लावायचे व्हिडिओ फिरतात, ते करू नका. नळीत पाला अडकला की वाफ कोंडते आणि कुकर फुटतो. घरी करायचं तर पाती सुकवून तेलात मुरवा (कृती खाली आहे), नाहीतर तयार तेलाची छोटी बाटली विकत घ्या.

विकत घेताना बघा: बाटली गडद काचेची हवी, वनस्पतीचं पूर्ण नाव, बॅच नंबर आणि मुदत लिहिलेली हवी. 'सेंट', 'फ्रॅग्रन्स' लिहिलेलं असेल तर तो कारखान्यातला वास आहे, परत ठेवा. घरी एक थेंब कोऱ्या कागदावर टाका. नीलगिरी किंवा गवती चहाचं तेल शुद्ध असेल तर बऱ्यापैकी उडून जातं. दुसऱ्या दिवशीही तेलकट डाग तसाच असेल तर त्यात घाण्याचं तेल मिसळलंय.

*हळदीच्या तेलाबद्दल:* कंदातूनही सुगंधी तेल निघतं, पानांतूनही निघतं, आणि दोन्हींचा वास वेगळा. पण हळदीचा पिवळा रंग, म्हणजे करक्युमिन, वाफेबरोबर येत नाही. 'करक्युमिनयुक्त हळदीचं इसेन्शियल ऑइल' असं कुणी विकत असेल तर फसू नका. आणि पानांच्या तेलाच्या मोहाने आत्ता पाला कापू नका. या दिवसांत हळदीचे कंद पोसत असतात आणि ते पानांच्याच जिवावर. पाल्याचा विचार काढणीच्या वेळी करायचा.

⚖️ *२) माप: फवारणीसारखंच*

फवारणीला आपण लिटरला किती मिली ते बघतो. डोस जास्त झाला की पान करपतं हे कुणाला शिकवायला नको. सुगंधी तेलाचंही तसंच आहे. माप चुकलं की कातडी करपते. लाल होते, आग होते, आणि एकदा एखाद्या तेलाची ॲलर्जी बसली की ती बहुधा जन्मभर राहते. पुढच्या वेळी थोडं लावलं तरी अंग उठतं.

१ मिली म्हणजे साधारण २० थेंब. ड्रॉपर लहानमोठे असतात म्हणून मेडिकलमधली बिनसुईची १ किंवा २ मिलीची सिरिंज वापरा, माप चुकत नाही.

*१०० मिली खोबरेल किंवा तिळाच्या तेलात, अथवा १०० ग्रॅम मलमात:*
▪️ चेहऱ्यासाठी: १० थेंब (अर्धा टक्का)
▪️ हात, पाय, अंग: २० थेंब (एक टक्का)
▪️ मोठ्या माणसाच्या अंगदुखीच्या मालिशसाठी: ४० थेंब (दोन टक्के), त्यावर नाही
▪️ गवती चहा, लवंग: कशातही १० थेंबांच्या वर नाही
▪️ दालचिनीचं तेल: अंगाला लावायचंच नाही
▪️ दोन वर्षांखालच्या बाळाला: एकही थेंब नाही. नुसतं खोबरेल लावा.

गरोदर भगिनींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुगंधी तेल लावू नये.

नवं काहीही केलं की आधी कोपराच्या आतल्या बाजूला वाटाण्याएवढं लावून दोन दिवस थांबा. खाज, लाली आली नाही तरच पुढे जा. बाटलीतलं तेल तसंच अंगावर कधीच लावायचं नाही, सांडलं तर आधी खोबरेल चोळा, मग साबणाने धुवा. पाण्याने ते निघत नाही, पसरतं.

🥣 *३) चार कृती*

*अ) दिवाळीचं उटणं (अर्धा किलो)*
मसूर डाळीचं पीठ २०० ग्रॅम
मुलतानी माती १०० ग्रॅम
नागरमोथा पूड ५० ग्रॅम
संत्र्याची सुकी साल, दळून ५० ग्रॅम
कापूरकाचरी ४० ग्रॅम
वाळा पूड ३० ग्रॅम
आंबेहळद २० ग्रॅम
घरची हळद १० ग्रॅम

सगळं खडखडीत वाळलेलं हवं. दोनदा वस्त्रगाळ करा, वाळ्याची कुसं राहिली तर अंग खरचटतं. उटण्याला वास वाळ्याचा, नागरमोथ्याचा आणि कापूरकाचरीचा असतो. त्यात सुगंधी तेल घालायची गरज नाही, पिठात ते सारखं मिसळतही नाही. हळद दहा ग्रॅमच ठेवलीय ती मुद्दाम, जास्त घातली तर आठवडाभर टॉवेल पिवळे होतात. हळद घरचीच दळा. सुट्या पुडीत रंगाची भेसळ असू शकते, आणि ती चेहऱ्याला फासायची नाही.

वापरायच्या वेळी दुधात किंवा पाण्यात कालवा. भिजवलेलं उरलं तर टाकून द्या, दुसऱ्या दिवशी नको.

*आ) भेगांचं मलम (१०० ग्रॅम)*
खोबरेल ६० ग्रॅम, एरंडेल २० ग्रॅम, मधमाशीचं मेण २० ग्रॅम, गवती चहाचं तेल १० थेंब.

मोठ्या पातेल्यात पाणी गरम करा, त्यात स्टीलचं छोटं भांडं ठेवून मेण आणि दोन्ही तेलं वितळवा. थेट गॅसवर ठेवू नका, तेल पेट घेतं. मेण साधारण ६२ ते ६४ अंशाला वितळतं, तेवढी ऊब पुरे. भांडं उतरवून ठेवा. कडेने साय धरायला लागली की गवती चहाचे थेंब टाका, ढवळा आणि लगेच कोरड्या डबीत ओता. कढत असताना टाकलं तर वास उडून जातो.

खोबरेल २४-२५ अंशाला पातळ होतं, त्यामुळे आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये हे मलम डबीत डुचमळतं. उन्हाळ्यासाठी मेण २५ आणि खोबरेल ५५ करा. मेणबत्तीचं मेण चालणार नाही, ते पेट्रोलियमचं असतं. मेण मधपाळाकडून घ्या. कोकणात नातेवाईक असतील तर कोकमाच्या बियांचं घट्ट तेल मागवा. खोबरेलातलं २० ग्रॅम कमी करून तेवढं ते घाला, टाचांना चांगलं.

रात्री पाय धुऊन, पुसून लावा आणि मोजे घाला. साखरेचा आजार असेल आणि भेगेतून रक्त किंवा पाणी येत असेल तर मलम राहू द्या, डॉक्टरांना पाय दाखवा.

*इ) मुरवलेलं मालिश तेल (२०० मिली)*
गवती चहाची सावलीत पूर्ण सुकवलेली पाती २० ग्रॅम, बारीक कापून. तिळाचं तेल २०० मिली.

वरच्यासारखंच गरम पाण्यात भांडं ठेवून मंद आचेवर तासभर मुरवा, सुती कापडातून गाळा, कोरड्या बाटलीत भरा. पाती ओली असेल तर तेलात पाणी उतरतं आणि बुरशी धरते, म्हणून हातात चुरगळली की मोडेल इतकी सुकवा. वास सौम्य येतो, पण हे तेल थेंब मोजून लावायची गरज नाही. तुळशीचंही असंच करता येतं.

*ई) साबण*
कॉस्टिक सोड्याचा साबण मेसेज वाचून करू नका. कॉस्टिकने डोळा जाऊ शकतो. ॲल्युमिनियमच्या भांड्यात तो उकळ्या मारतो आणि पेटणारा वायू सोडतो. प्रत्येक तेलाला किती कॉस्टिक लागतं याचा हिशेब वेगळा असतो, तो समोर बसून शिकावा. 'बिनकॉस्टिकचा नैसर्गिक साबण' म्हणून जे सांगतात तेही खरं नाही. साबणाची वडी तेल आणि कॉस्टिक मिळूनच होते, नीट मुरल्यावर कॉस्टिक शिल्लक राहत नाही एवढंच.

घरी तयार सोप बेस आणा. ५०० ग्रॅम बेसचे तुकडे गरम पाण्यातल्या भांड्यात वितळवा, उतरवून अडीच मिली गवती चहाचं तेल ढवळा आणि साच्यात ओता. पाच-सहा तासांनी वडी निघते. वडीत हळद घातली आणि ती तांबूस झाली तर घाबरू नका. साबण अल्कलीचा असतो, आणि हळदीला चुना लागला की कुंकू होतं, तीच ही गोष्ट.

💧 *४) पाणी शिरलं की माल गेला*

वरच्या उटण्यात, मलमात, तेलात पाणी नाही, म्हणून ते टिकतं. मलम आणि तेल सहा महिन्यांत संपवा, खवट वास आला तर त्याआधीच टाका. डबीत ओलं बोट घालायचं नाही.

कोरफडीचा गर, गुलाबपाणी, रिठा-शिकेकाईचं पाणी यांत मात्र जंतू वाढतात, आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. 'सुगंधी तेल घातलंय, म्हणजे टिकेल' हा समज चुकीचा आहे. असलं काही केलं तर फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवा. कोरफड कापली की पान पंधरा-वीस मिनिटं उभं धरून पिवळा चीक गळू द्या, तो चीक अंगाला खाजतो.

⚠️ *५) तीन धोके*

*पेस्टिंग.* मालगाव, बेडग, सोनी, भोसे भागातल्या द्राक्षवाल्यांनी हे नीट वाचा. फळछाटणीनंतर काडीला हायड्रोजन सायनामाईड लावताना 'हाताला आधी तेल चोळून जातो, म्हणजे औषध लागत नाही' असं मजूर म्हणतात. तसं होत नाही. तेल-मलम म्हणजे हातमोजे नव्हेत. हे औषध कातडी जाळतं, अंगातही शिरतं. रबरी मोजे, पूर्ण बाह्या, डोळ्यांना चष्मा हवाच. त्या दिवशी आणि पुढचे काही दिवस दारूचा थेंबही नको, हे औषध आणि दारू एकत्र आली की जीव धोक्यात येतो. काम संपलं की साबण-पाण्याने स्वच्छ अंघोळ, आणि मलम त्यानंतर रात्री.

*ऊन.* हळदीचे किंवा घडाच्या चिकाचे डाग काढायला बरेच जण हाताला लिंबू चोळतात आणि तसेच रानात जातात. लिंबाच्या सालीतलं तेल आणि रस त्वचेवर असताना ऊन लागलं की फोड येतात, मग महिनोन्महिने काळे डाग राहतात. लिंबू चोळायचं तर संध्याकाळी, आणि धुऊन टाकायचं. हळदीच्या डागाला खोबरेल चोळा, मग डाळीच्या पिठाने धुवा. हळदीचा रंग पाण्यापेक्षा तेलात चांगला सुटतो. कपड्यावरचा डाग धुऊन उन्हात टाकला की उडतो.

*लहान मुलं.* कापूर, ओव्याचं फूल आणि पेपरमिंटचं फूल एकत्र केलं की त्याचं पाणी होतं, ती अमृतधारा. घरोघरी असते. पण कापूर पोटात गेला तर लहान मुलाला झटके येतात, अगदी थोडा गेला तरी. पेपरमिंटचा उग्र वास तान्ह्या बाळाच्या नाकाशी नेला तर श्वास अडकू शकतो. म्हणून सर्दी झाली तरी बाळाच्या नाकाला, छातीला कापूर, पेपरमिंट, नीलगिरी यातलं काहीच लावू नका. बाटल्या कुलपात ठेवा, सरबताच्या किंवा औषधाच्या जुन्या बाटलीत कधीच भरू नका.
मुलाने यातलं काही गिळलं तर ओकारी काढायची नाही, मीठपाणी-दूध पाजायचं नाही. १०८ ला फोन करा किंवा थेट मिरज सिव्हिल गाठा, आणि बाटली सोबत न्या.

📒 *६) वही ठेवा*

प्रत्येक वेळी तारीख, काय किती घातलं, कुठून आणलं, कुणाला दिलं हे वहीत लिहा. कुणाला त्रास झाला तर कशाने झाला ते वहीच सांगते.

लिहिलेल्याची किंमत हळदीनेच जगाला दाखवली आहे. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट १९९५ साली अमेरिकेत एका विद्यापीठाला मिळालं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या सीएसआयआरने त्याला हरकत घेतली. आमच्याकडे हे पिढ्यान् पिढ्या करतात असं नुसतं म्हणून भागलं नसतं. जुन्या ग्रंथांतले, नियतकालिकांतले लेखी पुरावे पुढे ठेवले, तेव्हा १९९७ साली ते पेटंट रद्द झालं. आपल्या आजीला जे ठाऊक होतं ते कागदावर होतं म्हणून टिकलं.

🏷️ *७) विकायचं असेल तर*

घरात वापरायला, पाहुण्यांना द्यायला परवानगी लागत नाही. पण विक्रीसाठी केलं की उटणं, साबण, केसांचं तेल, मलम हे सगळं कायद्याने सौंदर्यप्रसाधन, म्हणजे कॉस्मेटिक ठरतं. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० आणि कॉस्मेटिक नियम २०२० प्रमाणे ते बनवायला राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचं लायसन्स लागतं. लायसन्स नसताना बनवून विकणं हा गुन्हा आहे, माल थोडा असला तरी.

▪️ *फूड लायसन्स चालत नाही.* अनेक गटांकडे मसाला, पापडासाठी एफएसएसएआयचा नंबर आहे. तो खाण्याच्या मालासाठी. उटण्याच्या पाकिटावर तो छापून उपयोग नाही.
▪️ *'आयुर्वेदिक' लिहायचं* तर त्याचं लायसन्स वेगळं.
▪️ *'बरं करतं' लिहू नका.* 'टाचा मऊ ठेवतं' इथपर्यंत ते कॉस्मेटिक. 'सांधेदुखी, गजकर्ण बरं करतं' म्हटलं की ते औषध झालं, त्याचे नियम कडक आहेत. व्हॉट्सॲपवर टाकलेली जाहिरातही जाहिरातच धरली जाते.
▪️ *लेबलवर* नाव, बनवणाऱ्याचा पत्ता, लायसन्स नंबर, बॅच नंबर, घटक, वजन, बनवल्याची तारीख आणि मुदत हवी.
▪️ *'सांगली हळद' हे नाव.* सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ते नाव मालावर वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. शेत मिरज तालुक्यात आहे एवढ्याने ते होत नाही.

एकट्या गटाला जागा, यंत्रं आणि तांत्रिक माणूस उभा करणं जड जातं. नियमांत लोन लायसन्सची सोय आहे: लायसन्स असलेल्या दुसऱ्याच्या कारखान्यात, आपल्या नावाने माल बनवून घ्यायचा. हळद आपली, कृती आपली, कारखाना त्याचा. त्यासाठीही आपल्या नावाने लायसन्स काढावं लागतंच. पाच-सहा गट एकत्र आले तर हा रस्ता एकेकट्याने धडपडण्यापेक्षा सोपा. पैसे गुंतवण्याआधी सांगलीच्या एफडीए कार्यालयात जाऊन चौकशी करा.

या दिवाळीला विक्रीची घाई करू नका. यंदा घरापुरतं करा, वहीत लिहा, घरच्यांना वापरायला द्या. काय आवडलं, कशाने खाजलं, कुठलं मलम उन्हात पातळ झालं, हे वर्षभरात कळेल. पुढच्या वर्षी लायसन्सचा विचार करताना हातात अनुभव असेल.

✅ *थोडक्यात:* माप सिरिंजने. बाळाला सुगंधी तेल नाही. डबीत पाणी नाही. तेल म्हणजे हातमोजे नव्हेत. विक्री लायसन्सनंतर.

कृतीबद्दल शंका असेल तर काय, किती घातलं ते लिहून याच नंबरवर पाठवा. अंगावर पुरळ, फोड आले असतील तर मेसेजच्या उत्तराची वाट बघू नका, आधी डॉक्टरांकडे जा.

आपली शेतकरी उत्पादक कंपनी, मिरज
🙏 दिवाळीच्या आगाऊ शुभेच्छा.